ओब्लास्त, रायोन, पोव्यात: मराठी नावसूचीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम असं: आठ देशांच्या पहिल्या स्तरावरच्या प्रशासकीय घटकांची मराठी नावसूची, अधिकृत कोडांसह, आणि त्यावर बसणारा नकाशा. युक्रेन २७ (२४ ओब्लास्त म्हणजे प्रांत, क्राइमियाचं स्वायत्त प्रजासत्ताक, कीव आणि सेवास्तोपोल ही दोन शहरं), रशिया ८३, बेलारूस ७ (६ ओब्लास्त आणि मिन्स्क), पोलंड १६, चेक प्रजासत्ताक १४ (प्राग धरून), स्लोव्हाकिया ८, बल्गेरिया २८, कझाकस्तान २० (१७ ओब्लास्त, ३ शहरं). एकूण २०३ ओळी. रशियाचा आकडा ८३ का आणि ८९ का नाही, त्याची नोंद पुढे स्वतंत्र येईल.

रकाने: देश, स्तर, प्रकार-शब्द, मूळ लिपीतलं पूर्ण नाव, मराठी नाव, केंद्र, वरच्या घटकाचा कोड, स्वतःचा अधिकृत कोड, पासून, पर्यंत, शेरा.

ओळीची ओळख कोडवरून, नावावरून कधीच नाही. आणि कोडच्या रकान्यात देवनागरी अंक एकही नको. या नोंदींत आकडे देवनागरीत आहेत, फायलीत रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच. मराठी कळफलक चालू राहिला की ‘०२’ डोळ्यांना बरोबर दिसतं आणि दोन तक्त्यांची जोडणी मात्र शून्य ओळी देते.

८ जानेवारी

प्रकार-शब्दांचं भाषांतर करायचं की नाही, हा पहिला वाद. ओब्लास्त म्हणजे जिल्हा, रायोन म्हणजे तालुका अशी सरळ जोडी लावावीशी वाटते. युक्रेनमध्ये २०२० पर्यंत ४९० रायोन होते, तोवर ‘तालुका’ चालून गेलाही असता. १७ जुलै २०२० च्या संसदेच्या ठरावाने ४९० चे १३६ झाले. शब्द तोच राहिला, आकार मात्र सरासरीने साडेतीनपट झाला. जुन्या रायोनची बरीचशी कामं खालच्या ‘ह्रोमादा’ या घटकाकडे गेली. म्हणजे २०१९ चा तालुका आणि २०२१ चा तालुका यांची तुलनाच होत नाही.

बल्गेरियात उलट घडलं. १९८७ पर्यंत २८ ‘ओक्रुग’, मग ९ मोठे ‘ओब्लास्त’, १९९९ पासून पुन्हा २८, पण या वेळी नाव ‘ओब्लास्त’. १९९० सालच्या आकडेवारीतलं बल्गेरियन ओब्लास्त आजच्यापेक्षा कितीतरी मोठं.

‘क्राय’ तर आणखी फसवा. मूळ अर्थ कड, काठ. रशियात सीमेकडच्या काही मोठ्या प्रदेशांना हे नाव पडलं, आणि आज ओब्लास्त आणि क्राय यांच्या घटनात्मक दर्जात काही फरक नाही. चेक आणि स्लोव्हाक भाषांतला ‘क्राय’ म्हणजे मात्र सगळेच पहिल्या स्तरावरचे प्रांत.

निर्णय: प्रकार-शब्द मूळचाच, देवनागरीत. पातळी सांगायचं काम ‘स्तर’ या रकान्यातल्या १, २, ३ या अंकांचं. ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ हे शब्द सूचीत कुठेही नाहीत.

लिंगं एकदाच ठरवून टाकली, नाहीतर आपोआप तयार होणारी वाक्यं बिघडतात: ते ओब्लास्त, ते क्राय, तो रायोन, तो पोव्यात, तो ओक्रुग, ती ह्रोमादा, ती ग्मिना, ते वोयेवुद्स्त्वो (पोलंडचे स्तर वरून खाली: वोयेवुद्स्त्वो, पोव्यात, ग्मिना). सामान्यरूप ‘ओब्लास्तात’, ‘रायोनमध्ये’. ‘ओब्लास्तामध्ये’ असं दोन्ही लावू नये.

१३ जानेवारी

मूळ नावं जवळपास सगळी विशेषणं आहेत आणि प्रकार-शब्दाच्या लिंगाप्रमाणे फिरतात. रशियन ‘मोस्कोव्स्काया ओब्लास्त’, पण ‘क्रास्नोदार्स्की क्राय’. मराठीत ‘मॉस्को ओब्लास्त’, ‘क्रास्नोदार क्राय’ असं मूळ नाम घ्यायचं ठरलं. त्यासाठी शेवटचा ‘-स्का’ कापणारा छोटा प्रोग्रॅम युक्रेनच्या २४ ओब्लास्तांवर चालवून पाहिला.

ल्विव्स्का, खार्किव्स्का सुरळीत सुटले. सुम्स्का कापल्यावर ‘सुम’ उरलं, शहर सुमी. चेर्कास्का कापल्यावर ‘चेर्का’, शहर चेर्कासी. झापोरिझ्का हे झापोरिझ्झ्या शहरावरून, चेर्निवेत्स्का हे चेर्निव्त्सीवरून; दोन्हीत मधली अक्षरंच बदलतात. ख्मेल्नित्स्का तर मुळातच विशेषण असलेल्या ख्मेल्नित्स्की या शहरनावावरून आलेलं, तिथे कापायचं काहीच नाही.

२४ पैकी २० ओब्लास्तांची नावं केंद्राच्या शहरावरून आहेत. उरलेल्या चारांत वोलिन (केंद्र लुत्स्क) आणि झाकार्पात्त्या (केंद्र उझ्होरोद) ही प्रदेशनामं. दुसरे दोन म्हणजे द्निप्रोपेत्रोव्स्क आणि किरोवोह्राद. त्यांच्या केंद्रांची नावं २०१६ मध्ये द्निप्रो आणि क्रोपिव्नित्स्की अशी झाली, पण ओब्लास्तांची नावं राज्यघटनेच्या १३३ व्या कलमात लिहिलेली असल्यामुळे ती तशीच राहिली. बदलायची तर घटनादुरुस्ती हवी, म्हणजे ४५० पैकी ३०० मतं. शहराचं नाव आणि जिल्ह्याचं नाव वेगवेगळ्या अधिसूचनांनी बदलतं, हे छत्रपती संभाजीनगरच्या वेळी मराठी वाचकाने पाहिलंच आहे; इथे तर मधे घटनाच आहे.

प्रोग्रॅम सोडून दिला. २४ ओळी हाताने एका तासात होतात.

पोलंडला हा नियम लागत नाही. वोयेवुद्स्त्वोंची नावं बहुतेक प्रदेशांवरून आहेत आणि ‘कुयाव्स्को-पोमोर्स्के’, ‘वार्मिन्स्को-माझुर्स्के’ अशा जोडनावांतून एकच नाम निघत नाही. तिथे विशेषणरूपच ठेवलं: माझोव्येत्स्के वोयेवुद्स्त्वो.

१७ जानेवारी

लिप्यंतराचे नियम.

स्लाव्ह त आणि द दंत्य आहेत. मराठी वृत्तपत्रांतला ‘डोनेट्स्क’ इंग्रजी स्पेलिंगवरून आला. इथे दोनेत्स्क, लुहान्स्क, तेर्नोपिल. सूचीत ट-ड दिसला तर ती चूक समजावी. अपवाद मराठीत रुळलेल्या ‘सेंट पीटर्सबर्ग’सारख्या नावांचा. मॉस्को, प्राग, वॉर्सा हीसुद्धा रुळलेली म्हणून तशीच.

‘त्स’ या ध्वनीसाठी मराठीत खरं तर ‘चाक’मधला च आहेच. पण तोच च ‘चहा’मध्ये वेगळा वाचतात, आणि अनोळखी नावात वाचकाला कोणता घ्यायचा ते कळत नाही. म्हणून सगळीकडे ‘त्स’.

रशियन ‘ग’ युक्रेनियन आणि बेलारूसीत ‘ह’ होतो. बेलारूसमध्ये दोन्ही भाषा अधिकृत आहेत. आयएसओ ३१६६-२ या आंतरराष्ट्रीय मानकातले प्रांतांचे कोड बेलारूसी उच्चारावर बेतलेले आहेत, म्हणून मुख्य नाव होमेल, ह्रोद्ना, आणि गोमेल, ग्रोद्नो ही पर्यायी नावं.

पोलिशमध्ये रेघ मारलेला ‘एल’ म्हणजे व. ळ लिहायचा मोह होतो, पण उच्चार तसा नाही. व्रोत्सवाफ, वूच.

एन्कोडिंगची एक खास मराठी अडचण ‘रियाझान’मध्ये निघाली. कोणी ‘ऱ्याझान’ लिहिलं होतं. हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: यू+०९३१ (ऱ चा युनिकोड क्रमांक) अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा, न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे, शोधात मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. म्हणून नाव ‘रियाझान’ असंच सुटं लिहायचं. नुक्ताही नको: एनएफसीमध्ये एकसंध ‘ज़’ फुटून ज आणि नुक्ता होतो, आणि जुन्या फायलींशी जुळवताना पुन्हा तीच रड.

२२ जानेवारी

पोलंड. दुसरा स्तरही आजच घेतला, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

१ जानेवारी १९९९ ला ४९ वोयेवुद्स्त्वोंची १६ झाली आणि पोव्यात हा मधला स्तर परत आला. आज ३८० घटक: ३१४ पोव्यात आणि पोव्यातचे अधिकार असलेली ६६ शहरं. ‘वोयेवोदा’ म्हणजे मूळचा सेनानायक, आपल्या सुभेदारासारखाच पुढे मुलकी कारभारी झालेला. आजचा वोयेवोदा पंतप्रधान नेमतात आणि तो केंद्राचा प्रतिनिधी असतो; प्रांताचा निवडून आलेला प्रमुख म्हणजे ‘मार्शावेक’. दोघांची कार्यालयं बहुतेक ठिकाणी एकाच शहरात, पण कुयाव्स्को-पोमोर्स्केत वोयेवोदा बिद्गोश्चला आणि मार्शावेक व विधिमंडळ तोरून्यला. लुबुस्केत अनुक्रमे गोझूफ आणि झ्येलोना गूरा इथे. ‘केंद्र’ हा एकच रकाना पुरत नाही, म्हणून ‘केंद्र २’ वाढवला. तो २०३ पैकी या दोनच ओळींत भरला जातो.

तेरित हा पोलिश कोड सात अंकी: दोन वोयेवुद्स्त्वोचे, दोन पोव्यातचे, दोन ग्मिनाचे, शेवटचा एक ग्मिनाच्या प्रकाराचा (१ शहरी, २ ग्रामीण, ३ मिश्र). वोयेवुद्स्त्वोंचे अंक वर्णानुक्रमे आणि फक्त सम: ०२, ०४ ते ३२. कुठे विषम दिसला तर ओळ चुकलेली. पोव्यातच्या जागी ६१ किंवा त्यापुढचा अंक असेल तर तो पोव्यात नसून शहर. वॉर्सा १४६५०११.

आता नावं. पोव्यातचं नाव शहरावरून केलेलं विशेषण, आणि दोन वेगळ्या शहरांचं विशेषण एकच होऊ शकतं. श्फिद्नित्सा (दोल्नोश्लोंस्के) आणि श्फिद्निक (लुबेल्स्के) दोन्हींचा ‘श्फिद्नित्स्की’. ब्झेग आणि ब्झेस्को दोन्हींचा ‘ब्झेस्की’. अशा एकनावी जोड्या देशभरात दहा आहेत. विशेषणावरून शहराचं नाव काढायला गेलं की निम्म्या वेळा दुसऱ्याच प्रांतात जाऊन पोचतो. यासाठी कोड हवाच: श्फिद्नित्स्की ०२१९ आणि ०६१७, ब्झेस्की १६०१ आणि १२०२.

दुसरी गंमत: क्राकोव्स्की पोव्यातचं (१२०६) कार्यालय क्राकूफ शहरात आहे, पण क्राकूफ शहर (१२६१) त्या पोव्यातात नाही. पोव्यात शहराभोवती कड्यासारखा बसतो. पोलिश लोक याला ‘ओब्वाझानेक’ पोव्यात म्हणतात, ओब्वाझानेक म्हणजे क्राकूफमध्ये गाड्यांवर मिळणारी भोकाची पावकडी. मेदूवडा म्हटलं तरी चालेल. ‘केंद्र त्या घटकाच्या हद्दीतच असलं पाहिजे’ ही तपासणी लावली होती, तिने असे सगळे पोव्यात चूक ठरवले. तपासणी काढली.

वाउब्झिख या शहराने २००३ मध्ये पोव्यातचे अधिकार सोडले आणि २०१३ मध्ये परत मिळवले. जुना कोड ०२६३, नवा ०२६५. तेच शहर, तोच दर्जा, मधे दहा वर्षांचा खंड आणि वेगळा कोड. ‘पासून-पर्यंत’ रकान्यांशिवाय ही गोष्ट मांडताच येत नाही.

२३ जानेवारी

कालची फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन झाली आणि ०२ चे २ झाले, ०२१९ चे २१९. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) थेट दुहेरी क्लिकने उघडू नये. आयात करताना कोडचे रकाने ‘मजकूर’ म्हणून निवडावेत. शून्यं परत भरताना रुंदी रकान्यानुसार: वोयेवुद्स्त्वो २, पोव्यात ४, ग्मिना ७. सगळ्यांना ७ लावलं की २१९ चं ००००२१९ होतं.

३० जानेवारी

युक्रेन, १३६ रायोन. हा आकडा क्राइमियातले १० धरून.

जुना कोड कोआतुउ दहा अंकी होता. नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या जागी कातोत्तह: ‘यूए’ ही दोन अक्षरं आणि १७ अंक. अंकांची फोड २ ओब्लास्त, २ रायोन, ३ ह्रोमादा, ३ वस्ती, २ शहरातला रायोन, शेवटचे ५ त्या घटकाचा स्वतःचा क्रमांक. ‘यूए’ नको म्हणून काढून टाकणं महागात पडतं. उरलेले १७ अंक स्प्रेडशीट संख्या समजतं, संख्येचे १५ च अंक अचूक राहतात, आणि शेवटचे दोन गुपचूप शून्य होतात. म्हणजे नेमका वेगळेपणा सांगणारा भागच जातो.

दुसरा गोंधळ चिन्हांचा. ‘यूए’मधला रोमन ‘ए’ आणि युक्रेनच्या सिरिलिक लिपीतला ‘आ’ दिसायला तंतोतंत एक. नकलून घेतलेल्या तीन कोडांत सिरिलिक अक्षर निघालं. कोडच्या रकान्यात फक्त रोमन मोठी अक्षरं आणि ० ते ९ अंक आहेत का, ही तपासणी दर वेळी चालवायची.

नावांमधला लोपचिन्हाचा (अपॉस्ट्रॉफीचा) घोळ कामियान्स्के, कुपियान्स्क, कामियानेत्स-पोदिल्स्की इथे येतो. मूळ लिपीत तिथे हे लोपचिन्ह तीन वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलेलं सापडतं: यू+००२७, यू+२०१९, यू+०२बीसी. तिन्हींचं यू+०२बीसी करून मगच तुलना.

२०२४ चे नामबदल पाहून घ्यावेत: चेर्वोनोह्रादचं शेप्तित्स्की, नोवोमोस्कोव्स्कचं समार, त्यांच्या रायोनांची नावंही बदलली. जुनं नाव ‘पर्यंत’ तारखेसह वेगळ्या ओळीत ठेवायचं, पुसायचं नाही.

४ फेब्रुवारी

रशिया. १९९३ च्या घटनेत ८९ घटक होते. मग विलीनीकरणं: पेर्म क्राय १ डिसेंबर २००५ (८८), क्रास्नोयार्स्कमध्ये तैमिर आणि एवेंक १ जानेवारी २००७ (८६), कामचात्का १ जुलै २००७ (८५), इर्कुत्स्कमध्ये उस्त-ओर्दा १ जानेवारी २००८ (८४), झाबायकाल्स्की क्राय १ मार्च २००८ (८३). या ८३ ची फोड: प्रजासत्ताकं २१, क्राय ९, ओब्लास्त ४६, शहरं २, स्वायत्त ओब्लास्त १, स्वायत्त ओक्रुग ४.

२०१४ मध्ये दोन आणि २०२२ मध्ये चार युक्रेनियन घटक रशियाने आपल्या यादीत घातले, त्यामुळे रशियन मोजणी पुन्हा ८९ झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७ मार्च २०१४ आणि १२ ऑक्टोबर २०२२ च्या ठरावांत हे अमान्य ठरवलं. सूचीत हे सहाही युक्रेनखाली, एकदाच. प्रत्यक्ष ताबा कोणाकडे, हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो रोज बदलतो आणि नावसूचीचं ते काम नव्हे.

धोका असा की दोन ‘८९’ पूर्ण वेगळे आहेत. ८९ ओळींची फाइल हाती आली तर आधी कोमी-पेर्म्याक आहे का बघावं. असेल तर ती २००५ पूर्वीची.

क्षेत्रफळाची बेरीजही सांभाळून. खान्ती-मान्सी आणि यामालो-नेनेत्स हे दोन स्वायत्त ओक्रुग स्वतंत्र घटक आहेत, आणि त्याच वेळी त्युमेन ओब्लास्तचा भागही. त्युमेनचं क्षेत्रफळ ओक्रुगांसह १४,६४,२०० चौरस किमी, त्यांच्याशिवाय १,६०,१००. अर्खांगेल्स्क आणि नेनेत्सचंही तसंच. बेरजेसाठी ‘निव्वळ क्षेत्रफळ’ असा वेगळा रकाना केला.

नावांत दोन जुनी भुतं शिल्लक आहेत: सेंट पीटर्सबर्गभोवतीचं लेनिनग्राद ओब्लास्त आणि येकातेरिनबुर्ग केंद्र असलेलं स्वेर्दलोव्स्क ओब्लास्त. शहरांची नावं १९९१ मध्ये बदलली, ओब्लास्तांची नाही. संपादकांनी ‘दुरुस्त’ करू नये म्हणून शेरा लिहिला.

११ फेब्रुवारी

कझाकस्तान. जून २०१८ मध्ये शिम्केंत वेगळं होऊन दक्षिण कझाकस्तानचं तुर्किस्तान ओब्लास्त झालं. जून २०२२ मध्ये अबाय (केंद्र सेमेय), झेतिसू (ताल्दिकोर्गान) आणि उलिताऊ (झेझ्काझ्गान) ही तीन नवी. ताल्दिकोर्गान आधी अल्माती ओब्लास्तचं केंद्र होतं, ते आता कोनायेव. राजधानीचं नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. देशाच्या कातो वर्गीकरणात कोड सगळा वेळ ७१. नावाने जोडणारे तीन वर्षांत दोनदा आपटले, कोडने जोडणाऱ्यांना काही कळलंही नाही. आयएसओचे कझाक कोड मात्र अक्षरी होते ते अंकी झाले, तेव्हा जुन्या तक्त्यांसाठी रूपांतराची यादी लागते.

कझाक भाषा स्लाव्ह नाही. ‘अबाय ओब्लिसी’मधला शेवटचा ‘ई’ षष्ठीसंबंधाचा प्रत्यय, प्रकार-शब्द ‘ओब्लिस’.

१८ फेब्रुवारी

नकाशा. सीमाफाइल किती जुनी आहे हे आधी तीन ठिकाणी पाहावं. मॉस्कोच्या आकाराला नैऋत्येकडे लांब जीभ नसेल तर फाइल १ जुलै २०१२ पूर्वीची. कझाकस्तानात १४ च ओब्लास्त असतील तर २०२२ पूर्वीची. युक्रेनमध्ये ४०० च्या वर रायोन असतील तर २०२० पूर्वीची. हाती आलेल्या पहिल्या दोन फायली तिसऱ्या परीक्षेत गेल्या.

चुकोत्का १८० अंश रेखांश ओलांडतं. तसाच्या तसा आकार काढला की एक आडवी पट्टी अख्ख्या नकाशावरून जाते. १८० वर कापून दोन तुकडे करावेत, कोड एकच.

कीव ओब्लास्तच्या आकारात कीव शहराएवढं भोक हवं. नसेल तर शहर खाली दडतं आणि क्लिक ओब्लास्तावर पडतं. मिन्स्क, प्राग, सोफिया इथेही तपासावं.

रेषा सोप्या करताना प्रत्येक आकार सुटा सोपा केला तर शेजाऱ्यांमध्ये फटी पडतात. सामायिक रेषा एकदाच साठवणारं टोपोजेसन वापरून मग सोपं करावं. याच टप्प्यावर ‘बारीक तुकडे काढा’ हा पर्याय चालू होता, त्याने स्लावुतिच गायब केलं. चेर्नोबिलच्या अपघातानंतर वसवलेलं हे शहर चेर्निहिव ओब्लास्तच्या हद्दीत आहे, पण कारभाराने कीव ओब्लास्तचं. तुकडा दिसायला कचरा, प्रत्यक्षात खरा. पर्याय बंद केला.

२५ फेब्रुवारी

ऐतिहासिक ओळींची मागणी आली आणि ती रास्त आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांच्यातले बरेच जण युद्धपूर्व पोलंडच्या पूर्वेकडच्या वोयेवुद्स्त्वोंमधले, म्हणजे आजच्या युक्रेन आणि बेलारूसमधले. त्या काळच्या कागदांवरचं जन्मस्थळ आजच्या सूचीत शोधायला गेलं तर सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचं सापडतं.

नोवोग्रुदेक आणि पोलेस्ये ही तेव्हाची वोयेवुद्स्त्वो सापडतच नाहीत. वोलिन सापडतं, आणि तिथेच फसगत आहे. युद्धपूर्व वोविन्स्के वोयेवुद्स्त्वोचं केंद्र वुत्स्क. आजच्या वोलिन ओब्लास्तचं केंद्र लुत्स्क, म्हणजे तेच शहर. नाव जुळतं, केंद्र जुळतं, हद्द जुळत नाही. जुन्यात रूव्ने आणि क्शेम्येन्येत्स होते. आज ते रिव्ने आणि क्रेमेनेत्स म्हणून अनुक्रमे रिव्ने आणि तेर्नोपिल ओब्लास्तात आहेत. ओळ वेगळी केली, प्रकार-शब्द वोयेवुद्स्त्वो, देश पोलंड, ‘पर्यंत’ १९३९. आजच्या ओळीशी दुवा नाही, फक्त शेऱ्यात ओब्लास्तांची तीन नावं.